तिसऱ्या पिशवीतलं खत

खताचा नमुना कसा घ्यायचा हे मला साहेबांनी शिकवलं. ढिगाच्या एका बाजूने मूठभर उचलायचं नाही. वरून, मधून, तळातून असं चहूबाजूंनी घ्यायचं, स्वच्छ ताडपत्रीवर एकत्र करून त्याचा चपटा गोल करायचा, गोलाचे चार भाग पाडायचे, समोरासमोरचे दोन ठेवायचे आणि उरलेले दोन परत ढिगात टाकायचे. ठेवलेलं पुन्हा मिसळायचं, पुन्हा चार भाग. असं करता करता शेवटी जे दोन-तीन किलो उरतं ते सगळ्या ढिगाच्या वतीने बोलतं, असं साहेब म्हणाले होते. त्याच्या तीन पिशव्या करायच्या. एक प्रयोगशाळेला, एक जिल्ह्याच्या कार्यालयाला, आणि तिसरी आमच्या खत केंद्रातच कुलपात ठेवायची, पुढे कधी वाद झाला तर उघडायला. प्रत्येक पिशवीत चिठ्ठी, चिठ्ठीवर नमुना घेणाऱ्याची सही आणि पिशवीच्या तोंडाला लाख.

साहेब तेव्हा पँट गुडघ्यापर्यंत दुमडून माझ्या शेजारी उकिडवे बसले होते. त्यांची बोटं काळी झाली होती. एवढ्या हुद्द्याचा माणूस कचऱ्यात हात घालतो हे मी पहिल्यांदाच पाहत होते. या माणसाचं सांगणं आपण कधी मोडायचं नाही, असं मी त्या दिवशीच मनात ठरवून टाकलं. असं ठरवायला मला फार वेळ लागत नाही. ज्यांनी ज्यांनी मला काही शिकवलं त्यांची मी ऋणी आहे आणि ऋणी राहण्यात मला कधी कमीपणा वाटला नाही. निदान तेव्हा वाटत नव्हता.

आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिली. सातवीपर्यंत गावातली मराठी शाळा, मग मंडलाच्या, म्हणजे आमच्याकडच्या तालुक्याच्या, गावी तेलुगू शाळा, जिथे पहिले सहा महिने मी फक्त मान हलवली, आणि मग आदिलाबादला बीएस्सी. तिथे शहराजवळ मावल्याला तिघी मैत्रिणींबरोबर खोली केली होती. वडील मी सातवीत असतानाच गेले. माय दुसऱ्यांच्या वावरात निंदायला, कापूस वेचायला जायची, अजूनही जाते. कॉलेज संपल्यावर दीड वर्ष मी अर्ज करत होते. मग मंडलाच्या खत केंद्रात कंत्राटी सुपरवायझरची जागा निघाली आणि मुलाखतीला समोर हे साहेब होते. बाकीचे दोघे अधिकारी माझ्या तेलुगूवर हसले. साहेब म्हणाले, "हिला उष्णतेचं विचारा, भाषेचं काय विचारता?" मग त्यांनी स्वतःच विचारलं की सडणारा ढीग गरम का होतो. ते मला येत होतं.

केंद्र कोणत्या मंडलातलं ते मी लिहीत नाही, कारण तिथे अजून बायका काम करतात. गावाबाहेर पत्र्याची मोठी शेड, खाली सिमेंटचे चार हौद, एक फिरती चाळणी आणि कोपऱ्यात कपाट असलेली कार्यालयाची खोली. आठवडी बाजाराचा भाजीपाला, हॉटेलांचं उष्टं आणि आसपासच्या गावांचा कचरा ट्रॅक्टरने तिथे यायचा. ट्रॅक्टरवर भोंगा लावलेला असे. तडि चेत्ता, पोडि चेत्ता, म्हणजे ओला कचरा, सुका कचरा, असं तो सकाळपासून ओरडत फिरायचा. पण लोक दोन्ही एकाच डब्यातून ओतायचे आणि वर भोंग्याच्या चालीवर तेच शब्द म्हणून दाखवायचे.

साहेबांनी मला नियमांचं पुस्तक दिलं. ते इंग्रजीत होतं. दुपारच्या जेवणानंतर ते मला एकेक नियम तेलुगूतून समजावत आणि मी तो मराठीत वहीत उतरवून घेत असे. ही वही माझ्याकडे आहे. मला ते नियम फार आवडले. कोणाला हे खरं वाटणार नाही, नियम कोणाला आवडतात? पण त्यातला पहिलाच नियम असा होता की ज्याने कचरा केला त्यानेच तो घरात वेगळा करायचा, ओला निराळा, सुका निराळा, धोक्याचा निराळा. माझ्या आजीच्या पिढीपर्यंत आमच्या वस्तीने दुसऱ्यांची घाण उचलली. ती उचलताना आत काय आहे हे विचारायची सोय नव्हती. आणि इथे छापील कागद सांगत होता की आधी घरवाल्याने हात घालायचा. मी तो नियम वहीत लिहिला तेव्हा त्याच्याखाली रेघ मारली. पुढे शेतात जाणाऱ्या खताचे नियम होते. खत गडद तपकिरी असावं, त्याला वास नसावा, चार मिलिमीटरच्या चाळणीतून जवळजवळ सगळं पडावं, काच नसावी, शिसं मर्यादेत असावं. आणि तपासणीत पास झाल्याशिवाय एक टोपलंही शेतकऱ्याला द्यायचं नाही.

मी कामाला लागले. सकाळ-संध्याकाळ ढिगात थर्मामीटर खुपसायचा, आकडा फळ्यावर लिहायचा. चौदा बायका हाताने वेगळं करायच्या. त्यातली सगळ्यात जुनी एक मावशी होती, ती मला म्हणायची, "बाई, ढिगाले ताप आला की तू खूश, लेकराले ताप आला की माय रडते. तुहं उलटंच हाय." बसमध्ये माझ्या अंगाला वास यायचा. कंडक्टर मागची सीट दाखवून म्हणायचा, "खतवाल्या मॅडम, खिडकीपाशी." मला त्याचा राग आला नाही. मी पगार माझ्या नावावर घेत होते आणि मायला मी सांगितलं होतं की मी अधिकारी आहे.

पहिला नमुना मी अगदी शिकवल्याप्रमाणे घेतला. तो नापास झाला. काचेचे बारीक कण, शिसं जास्त, खत अजून कच्चं. रिपोर्ट वाचून मी साहेबांसमोर रडले. साहेब म्हणाले, "अम्मा, पहिल्याच वेळी कोण पास होतं?" तेलुगू माणसं लहान मुलींनाही अम्मा म्हणतात, तसं ते मला म्हणायचे. पण त्यांच्या कपाळावर आठी होती. चारही हौद भरले होते. पास झाल्याशिवाय ते रिकामे करता येत नव्हते, आणि रोजचे ट्रॅक्टर तर थांबत नव्हते. फाटकाबाहेर कचऱ्याची रांग लागली होती. शिवाय जिल्ह्यातून पाहणी येणार होती आणि आमच्या केंद्रावर आदर्श केंद्राचा फलक लागायचं चाललं होतं. आम्ही दोन महिने पुन्हा चाळलं, पुन्हा उलटलं. चाळणीची जाळी फाटली, ती तारेने बांधली. खत आधीपेक्षा बरं दिसत होतं. मला वाटलं, या वेळी होईल.

दुसऱ्या नमुन्याच्या आधी साहेब आमच्या गावी आले. पास झालं की खत कोणाला द्यायचं, हे आधी ठरवायला हवं होतं. मीच म्हणाले होते की माझ्या गावातले लोक माझं ऐकतील. गावात एक मोठे शेतकरी आहेत, कापूस आणि ज्वारी करतात. माय त्यांच्या वावरात वीस-बावीस वर्षं निंदायला जाते. त्यांना मी काका म्हणते. कॉलेजला असताना फाट्यापर्यंत चालत जाताना त्यांची मोटारसायकल मागून आली की ते थांबायचे. बोलायचे काही नाहीत, फक्त मागची सीट हाताने पुसायचे. ते हो म्हणाले तर बाकीचे सात-आठ जण हो म्हणणार, हे मला माहीत होतं.

काका आधी हसले. "बाजाराचा कचरा माह्या वावरात? लोकं हासतीन ना."

साहेबांनी हिंदीत त्यांना जमिनीचं सांगितलं, नियमांचं सांगितलं. काका ऐकत होते पण पाहत माझ्याकडे होते. शेवटी मला म्हणाले, "पास झालं का नाही ते तू सांगजो. तू म्हनशील तं टाकतो."

त्यानंतर साहेब आमच्या घरी जेवले. काकाही सोबत आले होते, पण ते बाहेर लिंबाखाली खाटेवर बसले, पाणी तेवढं घेतलं. साहेब आत आले, जमिनीवर बसले, ज्वारीची भाकर आणि अंबाडीची भाजी दोनदा मागून खाल्ली. माय भिंतीला टेकून बघत होती. आमच्या घरात जीपमधून आलेला माणूस याआधी जेवला नव्हता. मला तेव्हा काय वाटलं ते आज लिहायला जड जातं, कारण तेव्हा मला फक्त आनंद झाला होता.

हात धुवायला साहेब मागच्या अंगणात गेले आणि मायच्या उकिरड्यापाशी थांबले. आम्हाला जमीन नाही, पण शेळ्या आहेत. मायचा उकिरडा घरापेक्षा नीट असतो. शेळ्यांच्या लेंड्या, चुलीची राख, तुरीचं भूस, आणि मोहाच्या बियांची पेंड, जी गावात दुसरं कोणी टाकत नाही. ती थर लावते, वर पोतं झाकते, पावसाळ्याआधी एकदा पूर्ण उलटते. साहेबांनी मूठभर उचललं, वास घेतला, आणि मला तेलुगूत म्हणाले, "तुझ्या आईने आपलं पुस्तक वाचलंय का?" मी मायला मराठीत सांगितलं. ती लाजली. मग ते म्हणाले की क्वार्टरमध्ये त्यांनी गुलाब लावले आहेत, थोडं मिळेल का?

आमच्याकडे कोणी झाडासाठी खत मागितलं तर नाही म्हणत नाहीत, आणि झाड कुठे आहे, केवढं आहे, हेही विचारत नाहीत. विचारलं तर त्या झाडाला नजर लागते असं जुन्या बायका मानतात. आम्ही बौद्ध झालो तेव्हा असल्या पुष्कळ गोष्टी सोडल्या, ही मात्र कशी कोण जाणे राहिली. मायने वरचं बाजूला सारलं आणि पायथ्याचं, सगळ्यात मुरलेलं, अर्धं पोतं भरून दिलं. काका खाटेवरून उठून आले, त्यांनी आणि ड्रायव्हरने ते पोतं जीपमध्ये चढवलं. काका म्हणाले, "साह्यब, अस्सल माल भेटला तुमाले."

तिसऱ्या दिवशी सकाळी मी केंद्रात ताडपत्री अंथरून बसले होते. साहेब घाईत आले. हैदराबादला बैठक होती, लगेच निघायचं होतं, नमुना ते स्वतःच प्रयोगशाळेत पोचवणार होते. "तू चिठ्ठ्यांवर सही करून ठेव, अम्मा. नमुना मी घेतो, मला हात लावायला आवडतं." मी तीन कोऱ्या चिठ्ठ्यांवर सही केली आणि लाखेचा शिक्का त्यांच्या हातात दिला. नियमात स्पष्ट आहे की ज्याने नमुना घेतला त्याचीच सही. तो नियम मला त्यांनीच शिकवला होता. मी सही केली, आणि मग बायकांकडे गेले कारण चाळणीची तार पुन्हा तुटली होती. परत आले तेव्हा तीन पिशव्या लाख लावून टेबलावर होत्या, ताडपत्री नीट घडी करून ठेवलेली होती. तिसरी पिशवी साहेबांनी माझ्या देखत कपाटात ठेवली आणि किल्ली मला दिली.

रिपोर्ट पास झाला. नुसता पास नाही, फार चांगला. शिसं जवळजवळ नाहीच, काच नाही, वास नाही. मी बायकांना चिवडा आणला. फलक लागला, पाहणी झाली, साहेबांचा सत्कार झाला. मी गावी जाऊन काकांच्या ओसरीवर रिपोर्ट ठेवला आणि म्हणाले, "काका, पास झालं." त्यांनी कागदाकडे पाहिलंही नाही. मे महिन्यात त्यांच्या वावरात सहा ट्रॉल्या पडल्या, बाकीच्यांकडेही पडल्या.

जुलैत निंदणी सुरू झाली. एका रविवारी मी घरी आले तर मायच्या उजव्या हाताला फडकं बांधलेलं. मी विचारलं तर म्हणाली, "काही नाही व, पऱ्हाटीतनं काच निंघाली." मला बरं वाटेना. मी मायबरोबर काकांच्या कापसाच्या वावरात गेले. सात बायका तासात बसून निंदत होत्या, आणि त्यातल्या एकीने मला पाहून मोठ्याने म्हटलं, "आली पाह्य, कचऱ्याची मास्तरीन. बाई, तुह्या खतात बांगड्या बी निंघून राह्यल्या. एक जोड जमला की मी घालतो."

सगळ्या हसल्या, माय सोडून.

बांधावर काका होते. त्यांच्यापुढे एक घमेलं होतं. त्यात त्यांनी वेचलेलं सगळं ठेवलं होतं. फुटक्या बाटल्यांची काच, बांगड्यांचे तुकडे, गुटख्याच्या पुड्या, घड्याळाचे सेल, शॅम्पूच्या पुडीचे कोपरे, आणि इंजेक्शनची एक सुई, टोपण नसलेली. पावसाने माती खाली बसली होती आणि हे सगळं वर आलं होतं.

"हे पास झालं व्हय?" ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता.

मी म्हणाले, "काका, रिपोर्ट आहे. मी दाखवला होता."

"तं रिपोर्टात सुई नव्हती का?"

मी सोमवारी पहिल्या बसने केंद्रात गेले. वाद झाला तर तिसरी पिशवी उघडायची, हे मला माहीत होतं. मी मावशीला आणि आणखी एका बाईला खोलीत बोलावलं, म्हणजे मागाहून कोणी म्हणायला नको की एकटीने लाख फोडली. पिशवी कागदावर ओतली. आमच्या केंद्राचं खत तांबूस असतं, त्यात अंड्याची टरफलं आणि कांद्याच्या साली दिसतात, आणि उन्हात धरलं तर कुठेतरी प्लास्टिक चमकतंच. हे काळं होतं. भुसभुशीत, राखेची झाक असलेलं.

मावशीने बोटाने चुरडलं. "बाई, हे आपलं नव्हं," ती म्हणाली.

मला काय वाटत होतं ते मी स्वतःलाच पूर्ण सांगत नव्हते. मी मूठभर रुमालात बांधलं, बाकीचं परत पिशवीत भरून त्या दोघींच्या सह्या घेतल्या आणि संध्याकाळी गावी गेले. माय शेळ्यांना पाला टाकत होती. मी रुमाल सोडला. काही विचारायच्या आतच ती म्हणाली, "हे परत काऊन आनलं? साह्यबाले पुरून उरलं का?"

"माय, हे कुठलं आहे?"

"कुठलं म्हंजे? आपल्या उकिरड्याचं." ती मला वेड्यासारखं बघत होती. "हे पाय, लेंडी. हे मोहाच्या पेंडीचं. गावात कोन टाकते पेंड? वावरवाल्यायच्या उकिरड्यात बैलाचं शेन असते, त्यात चाऱ्याचे दोरीवानी धागे निंघते. काऊन, खराब झालं का?"

मी तिला सगळं सांगितलं. नमुना म्हणजे काय, तिथपासून सांगावं लागलं. ती पाला हातात धरून ऐकत राहिली. तिला रिपोर्टचं फारसं कळलं नाही, सहीचं थोडं कळलं. मग तिने एकच विचारलं.

"म्हंजे त्यायनं गुलाबाले नाही टाकलं?"

"नाही, माय."

"गुलाब हायत तरी का?"

मला माहीत नव्हतं. तिने हातातला पाला शेळ्यांपुढे टाकला. पण त्या रात्री जेवताना तिने साहेब जेवले होते ती ताटली घेतली नाही, आणि पुढेही मी ती वापरात पाहिली नाही.

साहेबांना भेटायला मी दोन दिवस वाट पाहिली. माझ्या मनात अजून एक जागा शिल्लक होती, जिथे ते म्हणणार होते की अम्मा, माझ्याकडून चूक झाली. "कूर्चो," ते म्हणाले, म्हणजे बस. चहा मागवला. मी पिशवी उघडल्याचं सांगितलं, मायने ओळखलं तेही सांगितलं. ते हसले. त्यांना खरंच कौतुक वाटलं होतं असं मला दिसलं, आणि तेच मला सगळ्यात जास्त असह्य झालं.

"तुझ्या आईचं खत हैदराबादच्या प्रयोगशाळेत पास झालं. तिला सांगितलंस का?"

"सर, शेतात जे गेलं ते ते नव्हतं."

"चार हौद भरले होते, अम्मा. फाटकाबाहेर काय होतं ते तू पाहिलंस. नियम लिहिणाऱ्याने कधी फाटक पाहिलेलं नसतं. आणि पहिल्या वेळी तू इथेच बसून रडलीस. मी म्हटलं, पोरीची एवढी मेहनत आहे, ती वाया जाऊ नये."

माझी मेहनत ढिगात होती, सर, पिशवीत नव्हती. हे मला तिथे सुचलं नाही. परतीच्या बसमध्ये सुचलं. तिथे मी नियमाचा क्रमांक सांगितला, नमुना घेणाऱ्याच्या सहीचा.

"तो मला सांगू नकोस. तुला मीच शिकवला," ते म्हणाले. आणि मग अगदी हळू, जणू मला सांभाळून घेत असल्यासारखं, "चिठ्ठीवर सही कोणाची आहे?"

मी चहा प्यायले. हे मला नंतर फार लागलं, की मी तो चहा पूर्ण प्यायले आणि जाताना नेहमीप्रमाणे नमस्कार केला.

मी काकांकडे गेले. सगळं जसं झालं तसं सांगितलं, कोऱ्या चिठ्ठ्यांसकट. ते सुपारी कातरत होते.

"कोऱ्या कागदावर सई काऊन केली तू?"

"साहेबांनी सांगितलं म्हणून."

"अन् म्या खत काऊन टाकलं?"

त्यांनी उत्तराची वाट पाहिली नाही, सुपारी तोंडात टाकली आणि आत गेले. साहेबांवरचा माझा राग तोपर्यंत सरळ होता. त्या दिवसापासून त्यात माझाही वाटा पडला. साहेबांनी माझ्या विश्वासाचं जे केलं ते मी काकांच्या विश्वासाचं केलं होतं, आणि माझ्याकडे फाटकाबाहेरच्या रांगेचंही कारण नव्हतं. मी फक्त आनंदात होते.

मी जिल्ह्याच्या कार्यालयात अर्ज दिला. त्यात लिहिलं की नमुना केंद्राच्या ढिगातला नव्हता, आमच्या घरच्या उकिरड्यातला होता, शेतांतल्या काचा-सुया वेचून काढायला माणसं द्या, आणि पुढचं वाटप थांबवा. महिन्याभराने उत्तर आलं. नोंदीप्रमाणे नमुना आपण घेतला आहे, आपली सही आहे, पंधरा दिवसांत खुलासा करावा, आणि खत आपल्या घरून नेल्याचं म्हणता तर त्याला घराबाहेरचा साक्षीदार द्यावा. तोवर कामावर येऊ नये. साहेबांची तोपर्यंत बढतीवर बदली झाली होती. निरोप समारंभात बायकांनी त्यांना हार घातला, मावशीने फोनवर सांगितलं. "घालावा लागला व," ती म्हणाली.

पोतं जीपमध्ये चढवताना घराबाहेरचे दोघेच होते. ड्रायव्हर साहेबांच्या मर्जीतला. दुसरे काका. सहा दिवस मी त्यांच्या दाराकडे गेले नाही. काय तोंडाने जाणार? माझ्यामुळे ज्यांच्या वावरात सुया निघाल्या त्यांनाच मी सांगणार होते की मला वाचवा. सातव्या दिवशी मायच म्हणाली, "नाही म्हनतीन तं नाही म्हनतीन. पन तू गेली नाही असं नको होऊ देऊ."

जबानीचा कागद मी तेलुगूत लिहून नेला, खाली मराठीत अर्थ लिहिला. काकांचे जमिनीच्या पासबुकापासून विम्यापर्यंतचे कागद कॉलेजला गेल्यापासून मीच वाचून दाखवायचे, ते नुसतं ऐकायचे आणि सही करायचे. मी वाचायला सुरुवात केली तर त्यांनी हात वर केला. समोरून शाळेचे गुरुजी चालले होते, त्यांना हाक मारली. माझ्या हातातला कागद घेतला आणि गुरुजींना दिला. "वाचा जरा. मोठ्यानं."

गुरुजींनी वाचलं. मी ओसरीच्या पायरीवर उभी होते. साहेबांनी फसवून खत नेले, या वाक्यावर काका म्हणाले, "फसवून का काय ते मले नाही मालूम. ते खोडा. म्या पाह्यलं तेवढंच राहू द्या. पोतं भरलं, जीपमदी चढवलं, मी हात लावला." गुरुजींनी खोडलं. पुन्हा पहिल्यापासून वाचलं. काकांनी पुन्हा ऐकलं आणि मग सही केली, सावकाश, प्रत्येक अक्षर वेगळं.

"काका," मी म्हणाले.

"खरं हाय ते सांगतलं. तुह्यासाठी नाही," ते म्हणाले. "तुही माय येते वावरात, ती येऊ दे. पन तू म्हनते म्हनून माह्या वावरात आता काडी बी नाही पडनार, पोरी. हे मनात ठेव."

मी हो म्हणाले. कागद घ्यायला हात पुढे केला. काकांनी तो घडी करून गुरुजींच्या खिशात घातला.

"तुमीच टाका पोस्टात," ते त्यांना म्हणाले.

गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं. मी जिल्ह्याच्या कार्यालयाचा पत्ता सांगितला आणि त्यांनी तो तळहातावर लिहून घेतला.